जुन्या भरमारची नळी : जादा पैसे कधी मोजावेत, कधी नाही

गोसीखुर्द, पवनी, अड्याळ, भिवापूर या पट्ट्यात ठासणीच्या बंदुकीला भरमार म्हणतात. तोंडातून दारू ओतायची, छर्रे किंवा गोळी सोडायची, गजाने ठासायची आणि मागच्या बाजूला टोपी लावून बार काढायचा. कधी वाड्यावरचा रुबाब म्हणून, कधी धानाच्या बांध्यांवर जागल करताना रानडुकरांना पळवायला म्हणून ती घरात आली. 1951 मध्ये मालगुजारी संपली, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक बंद केला आणि बहुतेक बंदुका माळ्यावर गेल्या. 1988 मध्ये गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन झाले. पुढे बुडितातली गावे नव्या गावठाणांत हलली. पिढ्यान्‌पिढ्यांचे घर रिकामे करताना माळ्यावरचे सगळेच खाली येते, आणि त्यात अशी एखादी लांबलचक नळी निघाली की चार जण चार भाव सांगतात.

प्रश्न ठरलेलाच असतो. नळी जुनी आहे, हाताने घडवलेली आहे, कुणा नावाजलेल्या कारागिराची आहे असे सांगतात. तिला साध्या नळीपेक्षा दुप्पट-तिप्पट मोल द्यावे का? किंवा आपल्या घरची असेल तर तेवढे मागावे का?

उत्तर आधीच सांगतो. नुसत्या वयापोटी एक रुपयाही जादा देऊ नका. आधी कागद, मग नळीची प्रकृती, मग बनावटीचा पुरावा, या क्रमाने तिन्ही पटले तरच जादा पैसे द्या. लोक नेमका उलटा क्रम लावतात. नावावर भुलतात, नळी वरवर बघतात आणि कागदाचे 'होऊन जाईल' म्हणतात. फसगत तिथेच होते.

तुम्हाला ती कशासाठी हवी आहे?

शेतकऱ्याला पीक राखायचे असेल तर कारागिरीच्या जुन्या नळीवर पैसे घालण्यात काही अर्थ नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 13 मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे भरमारचा परवाना ही कायद्याला ओळखीची गोष्ट आहे. पण ते काम साध्या, गुळगुळीत नळीच्या, क्रमांक असलेल्या बंदुकीने भागते. परवान्यावर तिची नोंद 'एसबीएमएल' अशी दिसते, म्हणजे एकनळी ठासणीची, दुनळीला 'डीबीएमएल'. शंभर वर्षांपूर्वीच्या लोखंडावर रोजच्या वापराचा भार टाकणे हा धोका आहे, आणि त्या धोक्यासाठी वर जादा पैसे देणे हा शहाणपणा नव्हे.

याच पट्ट्यासाठी आणखी एक बाब. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य इथे लागूनच आहे. अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते, आणि तिथे राहणाऱ्या जुन्या परवानाधारकांनाही वनखात्याकडे नोंदणी करावी लागते. वन्यजीव कायद्याचे कलम 34 तेच सांगते. अभयारण्यात तर लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन पाऊलही टाकता येत नाही. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. ती परवानगी वेगळी आणि वनखात्याची. पीक वाचवणे एवढाच हेतू असेल तर नुकसानभरपाईचा अर्ज आणि डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतले सौर कुंपण यांची चौकशी आधी करा. बंदुकीचा विचार त्यानंतर.

दुसरा माणूस वारसदार. आजोबांची बंदूक घरात आहे, ती विकायची नाही, पण तिची किंमत काय हे कळले पाहिजे असे त्याला वाटते. त्याने बाजारभावाच्या मागे लागण्याआधी कागद नीट करावेत, कारण कागदाविना घरात ठेवलेली नळी ही मालमत्ता नसून फौजदारी जोखीम आहे.

तिसरा संग्राहक. जादा मोलाचा प्रश्न खऱ्या अर्थाने त्याचाच. पुढचे बरेचसे त्याच्यासाठी असले तरी विकणाऱ्यानेही वाचावे. घेणारा काय बघतो हे ठाऊक असले की आपली वस्तू मातीमोल जात नाही.

पहिली परीक्षा कागदाची

'पूर्ण बंदूक नाही, नुसती नळी आहे, तिला कसला परवाना?' हे वाक्य ऐकले की सावध व्हा. शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत अग्निशस्त्राचे भागही अग्निशस्त्रातच मोडतात. किरकोळ सुट्या भागांना काही सूट आहे, पण बंदुकीची नळी हा किरकोळ भाग नव्हे, तीच तर बंदूक. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 2 आणि कमाल 5 वर्षे कैद आहे.

दुसरे ठरलेले वाक्य : 'ही अँटिक आहे, अँटिकला परवाना लागत नाही.' अर्धसत्य. कलम 45 मध्ये कालबाह्य घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे, पण ज्याचा दुरुस्त करूनही अग्निशस्त्र म्हणून वापर होऊ शकत नाही अशा हत्याराची ती गोष्ट आहे. माळ्यावरची बहुतेक भरमार टोपी बसवली की उद्या बार काढू शकते. आपली नळी सुटीत बसते की नाही हे विक्रेत्याने ठरवायचे नाही आणि तुम्हीही नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्रपरवाना शाखेत अर्ज करून लेखी उत्तर घ्या. तोंडी 'काही होत नाही' हे पुढे कोर्टात कामाला येत नाही.

व्यवहार ठरवण्याआधी पुढचे कागद डोळ्यांखालून घाला.

विकणाऱ्याचा चालू परवाना, त्यावरचा यूआयएन (विशिष्ट ओळख) क्रमांक आणि बंदुकीचे वर्णन. परवान्याची मुदत आता 5 वर्षांची असते. ती संपलेली नाही ना, ते बघा.

नळीवरचा क्रमांक किंवा ओळखखूण आणि परवान्यावरचा क्रमांक, एकेक आकडा जुळवून. ओळखखूण नसलेले अग्निशस्त्र विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. खूण खरवडणे हा तर स्वतंत्र गुन्हा. खूणच सापडत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा आणि परवाना शाखेत विचारा.

तुमचा स्वतःचा परवाना, आणि त्यावर या प्रकारच्या बंदुकीला जागा आहे का ते. 2019 पासून एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात, आणि वारशाने आलेलेही याच दोनांत मोजतात. पूर्वी ही मर्यादा तीन होती. म्हणजे जुनी नळी घ्यायची तर तुमच्या दोनांतली एक जागा तिच्यावर खर्च होणार. त्या जागेचीही किंमत धरा.

विक्रीची पूर्वसूचना. खासगी परवानाधारकाने दुसऱ्या परवानाधारकाला बंदूक विकायची तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवावे लागते, आणि त्यानंतर किमान 45 दिवस जावे लागतात. 'आज पैसे द्या, आज घेऊन जा' म्हणणारा एक तर कायदा जाणत नाही किंवा तुम्हाला अडकवतो आहे.

पुनर्वसनात पत्ता बदललेल्या घरांनी आणखी एक काम तपासावे. परवाना भंडाऱ्याचा आणि नवे घर नागपूर जिल्ह्यात, असे असेल तर पत्ताबदल 30 दिवसांच्या आत कळवायचा असतो. घर हलवण्याच्या धांदलीत हे राहून गेलेले असू शकते. राहिले असेल तर विक्रीची भाषा नंतर. आधी परवाना शाखेत जा.

परवानाधारक वारले असतील तर बंदूक घरात ठेवून वाट बघू नका. विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या आणि मग वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करा. धारक हयात असून त्यांचे वय 70 झाले असेल किंवा बंदूक त्यांच्याकडे 25 वर्षे असेल, तर त्यांच्या डोळ्यांदेखतच ती वारसाकडे देण्याची सोय शस्त्र नियम 2016 मध्ये आहे. ज्यांच्या घरी म्हातारी माणसे आहेत त्यांनी हे आत्ताच मार्गी लावावे. बंदूक कुठून आली, कधी आली हे सांगणारे माणूस गेले की बंदुकीची निम्मी माहितीही जाते.

हात लावण्याआधी : आत बार आहे का?

जुनी भरमार भरलेलीच आहे असे धरून चाला. जागलीवरून आणलेली बंदूक तशीच खुंटीला लावायची आणि मग ती पन्नास वर्षे तिथेच राहायची, असे घडते. काळी दारू कोरडी राहिली तर इतक्या वर्षांनीही पेटते.

तपासणी सोपी आहे. नळीचे तोंड माणसांपासून दूर ठेवा. आपला चेहरा किंवा हात तोंडासमोर आणू नका. लाकडी गज अलगद आत सोडा, आत टेकला की तोंडाच्या कडेशी गजावर खडूने खूण करा. आता तोच गज नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी जुळवून, नळीला समांतर धरा. गजाचे टोक रंजकाच्या भोकापाशी, म्हणजे टोपी किंवा तोडा (जळती वात) पेटवतो त्या जागेपाशी पोचले तर नळी रिकामी असण्याची शक्यता आहे. ते टोक तीन-चार बोटे अलीकडेच थांबले तर आत काहीतरी आहे. कदाचित गांधीलमाशीचे घर, कदाचित बार.

बार असेल तर तो स्वतः काढायला जाऊ नका. ठोकणे, तापवणे, 'एकदा उडवून टाकू' म्हणणे, काहीही नाही. परवानाधारक बंदूक-दुरुस्ती करणाऱ्याकडे किंवा पोलीस ठाण्यात कळवा.

नळीची प्रकृती

बाहेरून सुरुवात करा. नळी खिडकीच्या उजेडात आडवी धरा आणि उजेडाची रेघ तिच्या पाठीवरून कशी सरकते ते बघा. रेघ सरळ धावली तर ठीक. मध्येच वळली, फुगली किंवा तुटली तर तिथे नळी सुजलेली आहे. अर्धवट ठासलेली गोळी किंवा चिखल अडकलेला असताना बार काढला की अशी सूज येते. सुजलेली नळी भिंतीवर चालेल, खांद्याला लावायची नाही. जादा पैसे तिथेच संपले.

मग रंजकाचे भोक. वर्षानुवर्षांच्या जाळाने ते मोठे होते, कडा झिजतात. टोपीच्या बंदुकीत टोपी बसते त्या निप्पलचे आटे बघा. ते झिजलेले असतील तर बार काढताना तुकडा थेट नेमबाजाच्या तोंडाकडे येतो.

मागचा भाग सर्वांत महत्त्वाचा. सगळा दाब तिथे येतो आणि दारूची राखही तिथेच साचते. काळ्या दारूची राख ओल ओढून घेते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात एकदा न धुता ठेवलेली नळी आतून पोखरायला सुरुवात होते. नळी रिकामी असल्याची खात्री झाल्यावरच तोंडाकडून बारीक दिवा सोडून आत बघा. एकसारखा करडेपणा असेल तर फारसे बिघडलेले नाही. मागच्या वीतभर भागात खोल खड्डे दिसले तर नाव कुणाचेही असो, भाव पाडा. मागचे बूच फिरवून उघडण्याचा मोह आवरा. शंभर वर्षांचा गंज पकडून बसलेला असतो. पान्याने जोर लावला की नळीला चरे पडतात आणि कधी कधी चीरही.

एक गोष्ट ओळखता आलीच पाहिजे : पाण्याच्या पाइपची नळी. जुन्या दस्त्यावर पाइप किंवा गाडीच्या स्टीअरिंगचा दांडा बसवून गावठी भरमार बनवतात. असल्या नळीची जाडी मागून पुढपर्यंत सारखीच असते. खऱ्या जुन्या नळीचा मागचा भाग जाड, बहुधा चौकोनी किंवा अष्टकोनी, आणि पुढे ती निमुळती होत जाते. आत बोट फिरवले तर पाइपला सांध्याची उभी रेघ हाताला लागते. असली वस्तू फुकट मिळाली तरी घेऊ नका. ती बेकायदा तर आहेच, शिवाय फुटली तर बोटे जातात. शेजारच्या गडचिरोलीत गावकऱ्यांनी अशा भरमार बंदुका आपण होऊन पोलिसांकडे जमा केल्या आहेत.

कुणी नळी कापून आखूड केलेली असेल तर तेही बघा. तोंडाकडची जाडी एकदम संपल्यासारखी वाटते, माशी नव्याने डाग देऊन बसवलेली असते. संग्राहकाच्या दृष्टीने अशा नळीचे मोल गेलेच, आणि कायद्याच्या दृष्टीने परवान्याविना नळी आखूड करण्याला किमान 7 वर्षांची आणि जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आहे. 'थोडी कापून देतो, हाताळायला बरी' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

बनावट : कशाला मोल, कशाला नाही

आपल्याकडच्या जुन्या बंदुकीत नळी हाच सर्वांत महागडा भाग होता. दस्ता तुटला, कळ मोडली की नवी केली जायची. नळी मात्र एका दस्त्यावरून दुसऱ्यावर जात राहायची. म्हणून नळी दस्त्याहून जुनी असणे हा दोष नव्हे. तोड्याची बंदूक पुढे त्या काळातच टोपीची करून घेतलेली असेल तर तोही दोष नव्हे. तो तिच्या वापराचा इतिहास आहे. दोष कालपरवाच्या जोडकामाचा.

जौहरदार नळीला खरोखर मान आहे. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, तापवून-ठोकून ती घडवत. त्यामुळे तिच्या अंगावर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी उमटते. खरी नक्षी धातूच्या आतून आलेली असते, त्यामुळे झिजलेल्या कडेवर आणि दस्त्याखाली झाकलेल्या भागातही ती दिसते. खोटी नक्षी आम्लाने किंवा रंगाने वरवर काढलेली असते आणि दस्ता बाजूला केला की कोरे लोखंड उघडे पडते. पण हेही लक्षात ठेवा की जौहरदार नळीत पट्ट्यांच्या सांध्यांत गंज शिरतो आणि वरून कळत नाही. ती बघण्यासाठी मोलाची, बार काढण्यासाठी नाही.

आट्यांच्या, म्हणजे आतून पिळाच्या खाचा असलेल्या नळ्या जुन्या देशी बंदुकांत कमीच. सिंधकडच्या काही बंदुकांवर तुर्की-इराणी घडणीच्या अशा नळ्या बसवलेल्या आढळतात. अशी नळी समोर आली तर घाईने ना हो म्हणा, ना नाही. जाणकाराला दाखवा, आणि परवान्यावरचे वर्णन गुळगुळीत नळीचे आहे की रायफलचे ते ताडून बघा.

विलायती नाव असेल तर संशय दुप्पट ठेवा. मँटन, पर्डी, वेस्टली रिचर्ड्‌स ही नावे इतकी चालायची की नकली मालावरही ती कोरली जात. नावातली चुकलेली अक्षरे, वाकडी ओळ, नळीवर एक नाव आणि कळीवर दुसरे, या खुणा बघा. त्याहून विश्वासाचे म्हणजे चाचणीचे शिक्के. लंडनच्या शिक्क्यात मुकुटाखाली 'जीपी' ही गुंफलेली अक्षरे असतात, बेल्जियममधल्या लीजच्या शिक्क्यात लंबगोलात 'ईएलजी'. बर्मिंगहॅमचे चाचणीघर 1813 च्या कायद्याने सुरू झाले. नळीवर लंडनच्या कारागिराचे नाव आणि दस्त्याखाली लीजचा शिक्का सापडला तर वस्तू जुनी असेलही, पण सांगितलेली नाही. मुंगेरच्या कारागिरीलाही जुनी परंपरा आहे. मुंगेरची नळी मुंगेरची म्हणून विकली तर तिला रास्त भाव द्या, लंडनची म्हणून विकली तर उठून या.

डोळा तयार करायचा तर नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, आपल्या अजबबंगल्यात, एक दुपार घालवा. 1863 पासूनचे हे संग्रहालय आहे आणि तिथे शस्त्रांचे दालन आहे. पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालय चुकवू नका. शंभर छायाचित्रे बघून कळत नाही ते एका खऱ्या नळीपुढे उभे राहिले की कळते : मागच्या भागाची जाडी, तोंडाकडची फुगवटी, पितळी बंद बसवायची रीत.

अमेरिकेतले भाव इथे लावू नका

पुष्कळ जण अमेरिकेतल्या किमती बघून इथले मोल ठरवतात. तिथली गोष्टच वेगळी. ठासणीची बंदूक तिथे हौशी नेमबाजांचा जिवंत खेळ आहे. 1898 पर्यंतची शस्त्रे तिथल्या 1968 च्या केंद्रीय कायद्यात पुरातन म्हणून बहुतांशी मोकळी आहेत आणि सुट्या नळ्या उघड विकल्या जातात. आपल्याकडे यातले काहीच नाही.

तरी तिथून शिकण्यासारखे एक आहे. तिथे नावाला मोल मिळते ते कामगिरीच्या मागून. हॅरी पोप (1861–1950) हा नळ्या घडवणारा कारागीर याचे उत्तम उदाहरण. 1906 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात त्याचे दुकान गेले, तरी त्याच्या नळ्यांना आजही संग्राहक जादा पैसे देतात, कारण त्या नळ्यांनी नेमबाजीच्या स्पर्धा गाजवल्या. त्याच्या नळीबरोबर तोंडावर बसवून गोळी सरळ आत सोडण्यासाठी एक जुळा तुकडा असे, त्याच नळीतून कापलेला. तो हरवला असेल तर तीच नळी बरीच खाली येते. म्हणजे नाव तेच, पण वस्तू अपुरी, म्हणून भाव कमी.

नळीचे काम काय हेही तिथे आधी विचारतात. कापडात गुंडाळलेल्या गोल गोळीला संथ पीळ लागतो, साधारण 66 इंचांत एक फेरा. लांबट गोळीला जलद पीळ, 28 इंचांत एक फेरा असा. चुकीच्या पिळाची नामांकित नळी त्या नेमबाजाला निरुपयोगी, मग नाव कितीही मोठे असो. हा विचार आपण उचलावा, त्यांचे डॉलर नव्हे.

आणि मुलगा ओहायोत किंवा टेक्ससला असेल, तर 'नुसती नळी कुरिअरने पाठव' असे त्याला चुकूनही सांगू नका. अग्निशस्त्राची आयात-निर्यात परवान्याविना होत नाही, आणि त्यात नळी आलीच. उलट दिशेनेही तेच. वस्तू 100 वर्षांहून जुनी असेल तर 1972 च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातून कुणी मोठा आकडा सांगितला तर तो तुमचा भाव नाही हे पक्के धरून चाला.

भाव कसा बांधायचा

एक साधी रीत सांगतो. तशाच प्रकारची, कागद स्वच्छ असलेली, पण कुठलेही विशेष नसलेली बंदूक परवानाधारक विक्रेत्यांकडे कितीला मिळते ते दोन-तीन ठिकाणी विचारा. त्या आकड्याला 100 म्हणा. आता चढ-उतार करा.

कागद अपुरे : 0. कमी भाव नव्हे, व्यवहारच नाही.

सूज, चीर, कापलेली नळी किंवा मागच्या भागात खोल खड्डे : 100 च्या पुष्कळ खाली, आणि तेही फक्त शोभेची वस्तू म्हणून. नावाचे, जौहराचे काहीही जोडू नका.

नळी निरोगी, पण 'मोठ्या कारागिराची' ही फक्त विकणाऱ्याची सांगी : 100 च. सांगीला पैसे नाहीत.

नळी निरोगी, शिक्के जुळणारे, जौहर खरा, कळ-गज-बंद सगळे त्याच काळातले : इथे जादा पैसे रास्त. किती, ते तुमच्या ऐपतीवर. पण एखादा दुसरा जाणकारही तोच निष्कर्ष काढतो का ते विचारून घ्या, आणि तो जाणकार विकणाऱ्याने सुचवलेला नसावा.

या सगळ्यावर घराण्याचा लेखी माग असेल, म्हणजे जुने परवाने, नूतनीकरणाच्या नोंदी, बंदुकीसह जुने छायाचित्र, तर सर्वांत जास्त. दोन सारख्या नळ्यांत ज्या नळीचा माग कागदावर आहे तीच पुढे विकली जाते. म्हणून वारसदारांनी जुने रद्द झालेले परवानेही फेकू नयेत. ब्रिटिश काळात, 1878 च्या शस्त्र कायद्याखाली दिलेला एखादा परवाना सापडला तर तो नळीइतकाच जपावा.

पैसे देताना पूर्वसूचनेच्या वेळी थोडी इसार रक्कम, उरलेले 45 दिवस उलटून कागद हातात आल्यावर, आणि सगळे बँकेतून. पावतीवर क्रमांक, नळीची लांबी, शिक्क्यांचे वर्णन लिहून घ्या. 'लंडनची बनावट' असे विकणारा तोंडाने म्हणत असेल तर ते पावतीवर लिहायला सांगा. तिथे त्याचा हात थांबला तर तुमचे पैसेही थांबवा.

मोल टिकवायचे तर

विकायला काढण्याआधी नळी 'चमकवून' ठेवणे ही आपल्याकडची सर्वांत महागडी चूक. भंडारा जिल्ह्यात पितळ घासण्याची सवय हाताला लागलेली, म्हणून चिंच, लिंबू, विटेची भुकटी सहज पुढे येते. लोखंडाला हे आम्ल खाते. जुना तपकिरी थर, पुसट अक्षरे, जौहराची नक्षी, सगळे तासाभरात जाते आणि हाती उरतो चकचकीत, बिनओळखीचा नळा.

कोरड्या मऊ कापडाने पुसा, मग बंदुकीचे किंवा शिलाई मशीनचे पातळ तेल अगदी थोडे लावा. जवसाचे तेल घरात असते म्हणून नळीला लावू नका. ते वाळून चिकट थर धरते आणि कळ जाम होते. चामड्याच्या किंवा लोकरीच्या म्यानात कायम ठेवू नका, ते ओल धरते. जलाशयाच्या काठच्या गावांत पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून बघा. निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली तर जमा करण्याआधी सगळ्या बाजूंनी छायाचित्रे काढा, पावतीवर स्थितीची नोंद मागा आणि परत घेताना ताडून बघा.

नळी कायमची निकामी करून दिवाणखान्यात लावायची असेल तर घरी छिद्र पाडू नका, लोहाराकडेही नेऊ नका. ते काम परवानगीने आणि परवानाधारकाकडूनच होते. एकदा छिद्र पडले की संग्राहकाचा भावही गेला, म्हणून हा निर्णय शेवटचा ठेवा.

घरात कुणालाच परवाना नको असेल तरी वाटा मोकळ्या आहेत. परवानाधारक विक्रेत्याकडे द्या, पोलीस ठाण्यात जमा करा, किंवा वस्तू खरोखर दुर्मीळ असेल तर परवाना शाखेला कळवून संग्रहालयाला विचारा. संग्रहालय पैसे देईलच असे नाही, पण घराण्याच्या नावाची पाटी आणि सांभाळ मिळू शकतो.

विकणाऱ्याने काहीही सांगितले तरी व्यवहाराच्या दिवशी तीनच प्रश्न विचारा. कागदावरचा क्रमांक नळीवर आहे का? मागची वीतभर नळी आतून निरोगी आहे का? जे नाव सांगता ते शिक्क्याने सिद्ध होते का? तिन्हींना हो आले तर घासाघीस करून जादा पैसे जरूर द्या, अशी नळी रोज समोर येत नाही. पहिल्यालाच नाही आले तर पुढचे दोन प्रश्न विचारण्यात वेळ घालवू नका.